पाचोळ्यातला आवाज

प्रश्न : मी सांवेर रोडवरच्या एका कारखान्यात नोकरी करते. पुण्यात होते तेव्हा ग्रुपबरोबर सिंहगड, राजगड केले. इथे माझी सुट्टी मधल्या वारी येते, सोबतीला कुणी नसतं. मागच्या महिन्यात धीर करून एकटीच रालामंडलला गेले. अर्ध्या वाटेवर पाचोळ्यात जोरात काहीतरी सळसळलं आणि मी मागे फिरले. एकटीनं डोंगर चढण्याची भीती कधी जाते का?
– एक वाचक, सांवेर रोड, इंदूर

उत्तर : पूर्ण जात नाही, आणि जायलाही नको. पण ती बरीच उतरते, आणि उरते ती उपयोगाची असते.

पाचोळा राजगडावरही सळसळत होताच. तेव्हा तुमचे कान गप्पांत होते. एकटं चालताना सगळंच ऐकू येतं, आणि अनोळखी आवाजाला शरीर आधी धोकाच समजतं. अॅड्रेनलिन वाढतं, छाती धडधडते, पाय आपसूक मागे वळतात. जागेवर थांबलं, तर ही लाट काही मिनिटांत ओसरते. लगेच मागे फिरलं, तर मनाची खात्री पटते की पळालो म्हणूनच वाचलो. पुढच्या वेळी भीती त्याच वळणावर वाट बघत असते.

माझ्या पहिल्या एकट्या फेरीत, हिवाळ्यात सागाच्या जंगलात, असंच झालं. खोडाला पाठ लावून थांबले आणि श्वास मोजत राहिले. जरा वेळानं आवाज करणारे दिसले : सातभाई! मातकट रंगाचे, पिवळ्या चोचीचे आठ-दहा पक्षी किडे शोधत सागाची वाळकी पानं उलटीपालटी करत होते. एवढेसे पक्षी, आणि आवाज मात्र कुणी माणूस चालत यावा तसा. ग्रुपमध्ये असते तर ते मला कधीच दिसले नसते. एकटं चालण्याची गोडी मला तिथे लागली.

म्हणून जागा बदलू नका. रालामंडललाच तीन-चार वेळा जा. 1989 पासून ते अभयारण्य आहे. वर होळकरांच्या शिकारगाहपर्यंत चांगली वाट आहे. बिबट्याचा वावर असतो, तेव्हा दिवसाउजेडी जा, वाट सोडू नका आणि आत शिरताना वनरक्षकांना विचारून घ्या. ती वाट ओळखीची झाली की महूच्या पुढे जानापाव करा. उंची साडेआठशे मीटरच्या आसपास, चंबळेचा उगम तिथलाच. वर मंदिर असल्यामुळे माणसांची ये-जा असते.

माणसांची भीती वेगळी, तिला हसण्यावारी नेऊ नका. कुणी मागे येतंय असं वाटलं तर पुराव्याची वाट न पाहता वर्दळीकडे फिरा आणि 112 लावा. तिथे मागे फिरणं हाच शहाणपणा. निघताना घरी वाट आणि परतायची वेळ सांगून ठेवा. रेंजवर विसंबू नका.

आणि खरी भीती पाण्याची बाळगा. जुलै 2011 मध्ये पाताळपाणीला अचानक लोंढा आला आणि धबधब्याच्या माथ्यावर पाण्यात उभे असलेले लोक वाहून गेले. ते एकटे नव्हते, आजूबाजूला पुष्कळ माणसं होती. सोबत असली म्हणजे धोका टळतो, असं नाही. पाऊस कुठे पडतोय, कडा किती निसरडा आहे, उजेड किती उरलाय, याकडे लक्ष हवं. आणि एकटं असताना ते लक्ष जास्त राहतं.

पुढच्या सुट्टीला शिखर गाठायचं ठरवू नका. जिथून मागे फिरलात तिथवरच जा. वाटेच्या कडेला बसा, डबा उघडा, दहा मिनिटं नुसतं ऐका. सळसळ झाली तर मान वळवून बघा, कोण आहे ते.