घरालाही गोधडी हवी : उष्णतारोधन आणि विजेची बचत

गोधडी गरम असते का? बहुतेक मुलं पटकन "हो" म्हणतात. मग बर्फवाला बर्फाची लादी गोणपाटात आणि भुशात का गुंडाळून ठेवतो? गोणपाट गरम असतं, तर बर्फ लगेच वितळला नसता का?

गोधडी उष्णता तयार करत नाही, उष्णतेची वाट अडवते. थंडीत शरीराची उष्णता बाहेर जाऊ देत नाही. गोणपाट बाहेरची उष्णता बर्फापर्यंत पोहोचू देत नाही. काम एकच! थरांमध्ये अडकलेली हवा हे काम करते, कारण स्थिर हवा उष्णतेची दुर्वाहक आहे. थर्माकोलमध्येही बहुतेक हवाच असते.

आता घराकडे वळू. उष्णता नेहमी जास्त तापमानाकडून कमी तापमानाकडे जाते. उन्हाळ्यात ती छतातून आत शिरते. लेहसारख्या ठिकाणी हिवाळ्यात ती घरातून बाहेर पळते, म्हणून तिथे शेगडी, हीटर जास्त वेळ लावावा लागतो.

चला, गणित करू.
छतातून येणारी उष्णता (वॅट) = छताचा उष्णता-पारगमन अंक × क्षेत्रफळ (चौ.मी.) × तापमानातील फरक

उघड्या काँक्रीट स्लॅबचा हा अंक सुमारे ३ धरू. छत २० चौ.मी., फरक १५ अंश.
३ × २० × १५ = ९०० वॅट

केंद्र सरकारच्या इको निवास संहिता २०१८ नुसार छताचा हा अंक १.२ पेक्षा जास्त नसावा. स्लॅबवर रोधक थर देऊन तो १.२ केला तर :
१.२ × २० × १५ = ३६० वॅट

म्हणजे ५४० वॅट उष्णता आत आलीच नाही. एसी साधारण १ वॅट वीज वापरून ३ वॅट उष्णता बाहेर टाकतो असं धरलं, तर १८० वॅट वीज वाचली. ६ तासांत १ युनिटपेक्षा थोडी जास्त, तीही एकाच खोलीत!

"आमच्याकडे एसी नाही, मग काय उपयोग?" उपयोग आहेच. पत्रा पातळ आणि सुवाहक, म्हणून पत्र्याची खोली दुपारी भट्टी होते. पत्र्याखाली थोडी मोकळी जागा सोडून छत लावलं तर मधली हवा उष्णता अडवते. पांढरा चुना ऊन परत फेकतो. धाब्याच्या घराचं जाड मातीचं छत उष्णता उशिरा आत सोडते. मात्र लक्षात ठेवा, रोधक थर खोली थंड करत नाही. आत साठलेली उष्णता घालवायला रात्री खिडक्या उघडाव्याच लागतात.

करून पाहा : दोन सारख्या स्टीलच्या पेल्यांत सारखाच बर्फ ठेवा. एकाला जुन्या सुती कापडाचे चार-पाच थर गुंडाळा. दोन्हींवर सारखं झाकण ठेवा. दर १० मिनिटांनी निरीक्षण वहीत लिहा.

स्वाध्याय : तुमच्या घराचं छत कशाचं आहे? दुपारी ३ ला आणि रात्री ९ ला आतलं तापमान मोजा. फरक का पडला, ते सांगा.