पडद्यावरची भीती आणि भिंगाचे गणित

गेल्या हिवाळ्यात आमच्या पुरुषोत्तमनगरात मोबाइलवरून एक चित्रफीत फिरत होती. उसाच्या कडेला उभी असलेली एक आकृती, खालून उजळलेला तिचा चेहरा आणि मागचे झाड हळूहळू मोठे होत अंगावर येणारे! शेजारच्या नववीतल्या मुलाने संध्याकाळी त्या वाटेने शिकवणीला जाणेच बंद केले. "सर, माणूस जागचा हलत नाही, पण झाड पुढे येते," तो म्हणाला. त्याचे निरीक्षण अचूक होते. निष्कर्ष तेवढा चुकला होता.

वस्तू पुरेशी दूर असेल तर कॅमेऱ्यातील प्रतिमेसाठी एक सोपे सूत्र चालते :

प्रतिमेची उंची = भिंगाचे नाभीय अंतर × वस्तूची उंची ÷ वस्तूचे अंतर

समजा, १.५ मीटर उंचीचा मुलगा कॅमेऱ्यापासून ५ मीटरवर उभा आहे आणि त्याच्या मागे १० मीटरवर ४.५ मीटर उंचीचे झाड आहे. भिंगाचे नाभीय अंतर ५० मिलिमीटर घेतले, तर दोघांच्याही प्रतिमा १५ मिलिमीटरच्या येतात. आता कॅमेरा ५ मीटर मागे न्या आणि त्याच वेळी झूम करून नाभीय अंतर १०० मिलिमीटर करा. मुलाची प्रतिमा १५ मिलिमीटरच राहते, झाडाची मात्र २२.५ मिलिमीटर होते. म्हणजे मुलगा तेवढाच, पण झाड दीडपट! नेहमीच्या जीवनात आपल्या डोळ्यांना असा अनुभव कधीच येत नाही, म्हणून मन दचकते.

आल्फ्रेड हिचकॉक यांनी १९५८ सालच्या 'व्हर्टिगो' या चित्रपटात हीच युक्ती वापरली. उंचीला घाबरणारा नायक जिन्यातून खाली पाहतो आणि जिना जणू लांबत जातो. त्यासाठी जिन्याची लहान प्रतिकृती आडवी ठेवून चित्रण केले होते.

आपल्याकडेही भिंगाची ही ताकद फार पूर्वी ओळखली गेली. प्रभात फिल्म कंपनीच्या १९३४ सालच्या 'अमृतमंथन'मध्ये व्ही. शांताराम यांनी दूरचित्रण भिंग वापरून राजगुरूचा डोळा प्रचंड मोठा दाखवला. असे भिंग कशासाठी? ठरावीक आकाराची प्रतिमा हवी असेल, तर नाभीय अंतर जितके पट वाढवावे तितके पट दूर उभे राहता येते. अगदी जवळ गेल्यास कॅमेऱ्याचीच सावली चेहऱ्यावर पडते.

आता प्रकाशाकडे वळू. सूर्य वर असतो, त्यामुळे नाकाची सावली खाली पडलेली पाहण्याची आपल्याला सवय असते. हनुवटीखाली विजेरी धरली की सावल्या उलट्या पडतात आणि ओळखीचा चेहराही परका वाटतो.

तिसरी गोष्ट चौकटीची. कॅमेरा जेवढे दाखवतो, त्याहून अधिक लपवतो. दाराची फट दिसते, पण दारामागचे दिसत नाही. ती उरलेली जागा प्रेक्षकाचे मन स्वतःच भरते आणि रहस्यपटातली बरीचशी भीती तिथेच जन्मते.

हे स्वतः करून पाहा. दूरचे एखादे धुराडे किंवा पाण्याची टाकी मागे येईल असे मित्राला उभे करा. पाच पावलांवरून छायाचित्र घ्या. मग दहा पावलांवर जा आणि मित्र पूर्वीएवढाच दिसेल इतका झूम करून दुसरे घ्या. धुराडे जवळजवळ दुप्पट दिसेल. का, ते वरच्या सूत्रावरून शोधा.

त्या मुलाने हा प्रयोग भरदिवसा त्याच झाडापाशी, मोठ्या बहिणीला उभे करून केला. झाड तसेच 'पुढे आले'! दुसऱ्या दिवसापासून तो शिकवणीला जाऊ लागला. अंधारात अजून थोडी भीती वाटते म्हणतो. म्हणून हातात विजेरी असते. ती मात्र तो रस्त्यावर धरतो, हनुवटीखाली नाही.