मुक्या जिवाचे दात

रायपूर शहरातील तात्यापारा ही मराठी कुटुंबांची जुनी वस्ती. ‘पारा’ म्हणजे छत्तीसगढी बोलीत मोहल्ला. अठराव्या शतकात छत्तीसगढावर नागपूरकर भोसल्यांचा अंमल बसला आणि मराठी माणसे या मुलुखात स्थायिक होऊ लागली. अशा वस्तीत पाळलेले कुत्रे किंवा मांजर हे घरातलेच एक माणूस असते. त्याला दूधभात वेळेवर मिळतो. दात मात्र कोणी पाहत नाही. तोंडाला दुर्गंधी सुटली, तर ‘जनावराच्या तोंडाला वास यायचाच’ असे म्हणून विषय संपतो. हा समज चुकीचा आहे. ती दुर्गंधी बहुधा हिरड्यांच्या रोगाची पहिली खूण असते.

प्रौढ कुत्र्याला ४२ आणि मांजराला ३० दात असतात. खाल्ल्यानंतर काही तासांतच दातांवर जंतूंचा चिकट थर साचतो. तो पुसला गेला नाही, तर लाळेतील क्षारांमुळे दोन-तीन दिवसांत कठीण होऊन त्याचे पिवळसर कीटण बनते. हिरडीच्या कडेला जंतू वाढतात. हिरडी लाल होते, सुजते, तिच्यातून रक्त येते. येथवरचा विकार स्वच्छतेने बरा होऊ शकतो. मात्र जंतू हिरडीखाली उतरून दाताभोवतालचे हाड झिजवू लागले, की गेलेले हाड सहसा परत येत नाही. पॉमेरेनियनसारख्या लहान जातींत दात दाटीने असल्याने हा धोका अधिक. त्यांचा जबडा इतका नाजूक होऊ शकतो, की तो मोडण्याचीही भीती असते.

प्राणी दुखणे सांगत नाही, उलट लपवतो. एकाच बाजूने चावणे, घास तोंडातून पडणे, पंजाने तोंड घासणे, डोळ्याखाली सूज येणे, या खुणा ओळखाव्या लागतात. दात दुखत असतानाही कुत्रे जेवत राहते, म्हणून मालक निर्धास्त राहतो. मांजराचे मात्र वेगळे. त्याने दोन-तीन दिवस अन्न टाकले, तर यकृतालाही अपाय होऊ शकतो.

उपाय साधा आहे, पण रोजचा आहे. मऊ ब्रशने किंवा बोटाला गुंडाळलेल्या ओल्या कापडाने दातांची बाहेरची बाजू पुसावी. पहिले काही दिवस केवळ ओठ उचलून पाहण्याची सवय लावावी. घाई केली तर प्राणी पुन्हा तोंडाला हात लावू देत नाही. माणसांची टूथपेस्ट वापरू नये. प्राणी ती गिळतो. तिच्यातील फ्लोराइड आणि काही पेस्टमधील झायलिटॉल त्याला घातक ठरते. लवंगेचे तेलही मांजराला विषारी आहे. कठीण हाडे चघळायला दिल्याने दात स्वच्छ होतात असे म्हणतात. प्रत्यक्षात त्यांनी दाढा फुटतात.

साचलेले कीटण घरी खरवडू नये. हिरडीखालची सफाई प्राण्याला भूल देऊन पशुवैद्यच करू शकतो. दुर्गजवळ अंजोरा येथे पशुवैद्यक महाविद्यालय आहे. २०१२ साली स्थापन झालेल्या कामधेनू विश्वविद्यालयाशी ते जोडलेले आहे.

एक सावधगिरी अत्यंत आवश्यक आहे. लाळ गळणे, जबडा लोंबणे, गिळता न येणे ही रेबीजचीही लक्षणे असू शकतात. अशा प्राण्याच्या तोंडात हात घालू नये. त्याला वेगळे ठेवून पशुवैद्याला बोलवावे.

स्वाध्याय
१. हिरड्यांचा रोग कोणत्या टप्प्यापर्यंत बरा होऊ शकतो?
२. माणसांची टूथपेस्ट प्राण्यांसाठी का वापरू नये?
३. तुमच्या परिसरातील एखाद्या पाळीव प्राण्याच्या जेवणाच्या सवयींचे पाच-सहा वाक्यांत वर्णन करा.