काठ ढासळतो तो पूर ओसरताना

वैशाखात कृष्णेचे पाणी तळाला जाते आणि काठ माथ्यापासून पायथ्यापर्यंत उघडा पडतो. कऱ्हाडपासून शिरोळपर्यंत ज्यांची मळीची रानं आहेत, त्यांनी काठाची पाहणी मृगाच्या आत उरकून घ्यावी.

आधी बघायचे ते आपले रान वळणाच्या कोणत्या अंगाला आहे. महाबळेश्वरला सुमारे 1,300 मीटरवर उगम पावलेली कृष्णा सांगलीत येईतो साडेपाचशे मीटरवर उतरलेली असते. बहुतेक उतार सुरुवातीलाच संपतो. पुढे तळ खोदण्याइतका जोर उरत नाही, मग नदी काठ खाऊ लागते. वळणावर लोंढा बाहेरच्या काठावर आदळतो, तिथे खाली दबतो आणि तळातून वाळू ओढत आतल्या काठाकडे जातो. आइनस्टाइनने 1926 मध्ये हे चहाच्या कपावरून समजावले होते: ढवळल्यावर पत्ती कडेला न जाता तळाशी मधोमध गोळा होते. म्हणून बाहेरच्या अंगाला डोह आणि उभी दरड, तर आतल्या अंगाला उथळ वाळू. तुमची वाहून गेलेली माती बरेचदा खालच्या वळणावर कोणाच्या तरी मळीत जाऊन बसते. ती परत मागायची सोय नाही.

रान बाहेरच्या अंगाला असेल तर दरडीच्या माथ्यावरच्या भेगा नीट बघा. काळ्या रानाला उन्हाळ्यात भेगा पडतातच. त्या जाळीसारख्या सगळीकडे फुटतात. काठाला समांतर लांबवर गेलेली भेग वेगळी. तिची नदीकडची कड बोटभर जरी खचलेली दिसली, तरी तो तुकडा सुटलाच समजा. मग सुरक्षित जागेवरून खाली उतरून पायथा पाहा. बऱ्याच ठिकाणी वरचा चिकण थर शाबूत असतो आणि त्याखालची वाळू पोखरून गेलेली असते.

पाणी चढलेले असते तोवर तेच दरडीला टेकू देते. ते झपाट्याने उतरले की भिजून जड झालेली दरड बिनआधाराची राहते आणि कोसळते. 2019 च्या ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलापाशी पाणी 57 फुटांवर गेले होते. धोक्याची पातळी 45 फूट. असा पूर ओसरल्यावर निदान आठवडाभर काठावर ट्रॅक्टर नेऊ नये आणि मोटर बघायला एकट्याने खाली उतरू नये. पाणी मिळते म्हणून मोटर डोहावर बसवण्याकडे कल असतो, पण दरडही तिथलीच जाते.

उसाची शेवटची सरी अगदी कडेला नेऊ नका, आणि सऱ्यांचे तोंडही नदीकडे सोडू नका. जादा पाणी काठावरून पडले की ओघळ पडते. दरड उभी असेल तर आधी तिला उतार द्या आणि पहिल्या चांगल्या पावसावर वाळ्याचे ठोंब वीतभर अंतराने, काठाला समांतर ओळींत लावा. त्याची मुळे सरळ खोल जातात. थोडे आत बांबू, करंज चालेल. अगदी कडेला मोठे झाड नको, त्याचे ओझे दरडीवरच येते. पाण्यालगतचे लव्हाळे राहू द्या. सर्वांत जास्त खाल्ला जातो तो वळणाच्या माथ्याच्या जरा खालचा काठ, तेव्हा लागवड तिथवर न्या. राडारोडा लोटून काही साधत नाही: प्रवाह शेजाऱ्याच्या काठावर जातो आणि भांडण आपल्या दारात येते. वाळूउपशाचे त्याहून वाईट. तळ खोल गेला की दोन्ही काठांचे पायथे सुटतात.

आतल्या अंगाच्या गाळावर पाणी उतरल्यावर वांगी, हरभरा, भाजीपाला घ्या. बारमाही पीक किंवा बाग तिथे नको.

महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, 1966 मध्ये नव्याने तयार झालेल्या मळईच्या आणि वाहून गेलेल्या जमिनीच्या आकारणीची तरतूद आहे. त्यासाठी तलाठ्याकडे अर्ज करताना पुरावा लागेल. तेव्हा हद्दीच्या खुणांपासून काठापर्यंतचे अंतर आत्ताच टेपने मोजून, तारखेसह फोटो काढून ठेवा, आणि दिवाळीत पुन्हा मोजा.