ऑनलाइन अपॉइंटमेंट : पैसे भरण्यापूर्वीची पडताळणी

ऑनलाइन अपॉइंटमेंट या एका नावाखाली दोन निरनिराळे व्यवहार येतात. पहिल्यात रुग्ण केवळ बाह्यरुग्ण विभागातील, म्हणजे ओपीडीतील, वेळ आगाऊ ठरवतो आणि तपासणी दवाखान्यातच होते. दुसऱ्यात तपासणीही फोनवरून वा व्हिडिओवरून होते आणि औषधांची चिठ्ठी मोबाइलवर येते, यालाच टेलिमेडिसिन म्हणतात. पैसे भरण्यापूर्वी यांपैकी नेमके काय पदरात पडणार आहे हे रुग्णाने विचारून घ्यावे, कारण ज्या दुखण्यात पोट दाबून पाहणे किंवा छातीला स्टेथोस्कोप लावणे हाच निदानाचा आधार असतो, तेथे व्हिडिओसाठी भरलेले शुल्क बहुधा ‘प्रत्यक्ष येऊन दाखवा’ एवढ्याच सल्ल्यावर खर्ची पडते.

पुष्कळदा फसवणूक याच्याही आधी, फोन नंबर शोधतानाच होते. रुग्णालयाचे नाव इंटरनेटवर टाकून समोर येईल तो पहिला नंबर घाईने फिरवला जातो आणि तो भामट्यांनी तेथे पेरलेला असू शकतो. पलीकडची व्यक्ती अदबीने रुग्णाचे नाव, वय आणि तक्रार विचारते, डॉक्टरांची वेळही देते आणि मग ‘नोंदणीसाठी’ पाच-दहा रुपये भरण्याची लिंक किंवा एपीके फाइल पाठवते. एपीके म्हणजे अँड्रॉइड फोनवर ॲप बसवणारी फाइल. अनोळखी माणसाने पाठवलेली अशी फाइल उघडून तिला परवानग्या दिल्या, तर बँकेकडून येणारे ओटीपीही परक्याच्या हाती लागू शकतात. रक्कम किरकोळ असल्यामुळे संशय येत नाही, डाव मात्र संपूर्ण खात्यावर असतो. म्हणून नंबर रुग्णालयाच्या जुन्या केसपेपरवरून किंवा त्याच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच घ्यावा. यूपीआय पिन पैसे देण्यासाठी लागतो, घेण्यासाठी कधीही लागत नाही. तेव्हा परताव्यासाठी पिन मागणाऱ्याचा फोन तत्काळ ठेवून द्यावा. पैसे गेलेच, तर लाजेने गप्प न बसता बँकेला आणि १९३० या सायबर हेल्पलाइनला लगेच कळवावे, कारण जितका उशीर होतो तितकी रक्कम पुढच्या खात्यांत सरकत जाते.

नंबर खरा असला तरी डॉक्टरांची पडताळणी उरतेच. केंद्रीय पातळीवर २५ मार्च २०२० रोजी प्रसिद्ध झालेल्या टेलिमेडिसिनविषयक मार्गदर्शक तत्त्वांनुसार नोंदणीकृत डॉक्टरांनाच असा सल्ला देता येतो, आणि त्यांनी आपला नोंदणी क्रमांक चिठ्ठीवर, संकेतस्थळावर व शुल्काच्या पावतीवर देणे अपेक्षित आहे. महाराष्ट्रात आधुनिक वैद्यकाच्या डॉक्टरांची नोंद महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे असते, तर आयुर्वेदाच्या वैद्यांसाठी स्वतंत्र परिषद आहे. म्हणून नावापुढील पदवी आणि नोंदणी देणारी परिषद या दोन्ही गोष्टी ताडून पाहाव्यात. ॲपवरील तारांकित अभिप्राय या पडताळणीची जागा घेऊ शकत नाहीत. याच तत्त्वांनुसार संगणकीय प्रणालीला, म्हणजे कृत्रिम बुद्धिमत्तेला, स्वतः सल्ला देण्याची किंवा औषध लिहून देण्याची मुभा नाही.

औषधांच्या बाबतीतही मर्यादा आहेत. त्याच डॉक्टरांकडे त्याच आजारासाठी सहा महिन्यांच्या आत पुन्हा घेतलेल्या सल्ल्याला पाठपुरावा म्हणतात. इतर बहुतेक भेटी पहिला सल्ला ठरतात आणि त्यात साध्या औषधांपलीकडे काही लिहायचे झाल्यास सामान्यतः व्हिडिओ आवश्यक मानला जातो. मादक व मनोव्यापारांवर परिणाम करणाऱ्या पदार्थांच्या यादीतील औषधे टेलिमेडिसिनद्वारे सामान्यतः लिहून देता येत नाहीत, त्यामुळे ती न मिळाल्याबद्दल डॉक्टरांशी हुज्जत घालणे व्यर्थ आहे. उलट अशी औषधे सहज देऊ करणाऱ्या ठिकाणापासून दूरच राहावे.

छातीत दाटून येणे, बोलताना जीभ जड होणे, एका बाजूचा हात लुळा पडणे किंवा श्वास अपुरा पडणे ही लक्षणे असताना अपॉइंटमेंट शोधण्यात वेळ घालवू नये. महाराष्ट्रात आणि गोव्यात १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागवावी किंवा जवळचे रुग्णालय गाठावे.

अनेक घरांत आजी-आजोबांची वेळ मुले किंवा नातवंडे घेतात आणि अर्जात नकळत स्वतःचेच नाव-वय भरतात. औषधाची मात्रा वय, वजन आणि आधीच्या आजारांवर ठरत असल्यामुळे ही वरवर क्षुल्लक वाटणारी चूक थेट प्रकृतीवर बेतू शकते. माहिती रुग्णाचीच भरावी, चालू औषधांची पाकिटे समोर ठेवावीत, ॲलर्जी आठवणीने सांगावी आणि अल्पवयीन रुग्णासोबत प्रौढ व्यक्ती हजर असावी. वेळ रद्द झाल्यास पैसे परत मिळतील का, हे आधीच वाचावे. पावती व चिठ्ठी जपून ठेवावी, कारण तक्रार करण्याची वेळ आली तर तोच पुरावा असतो. या साऱ्याला जेमतेम दहा मिनिटे लागतात, आणि दुखण्याने गांजलेल्या माणसासाठी ती दहा मिनिटे घरातील कोणीतरी काढणे हे त्याच्या शुश्रूषेचेच एक अंग मानले पाहिजे.