लेखनसमयीची बैठक

शहापूर-मुरबाडकडे ज्या वर्गांत मुले बस्करावर बसून, वही जमिनीवर ठेवून लिहितात, तेथे मान वाकते, पाठीस पोक येते; आणि अक्षर बिघडले म्हणून बोलणी मात्र मुलालाच! वही मांडीवरील फळीवर वा बैठ्या मेजावर ठेववावी. डोळा व वही यांत कोपरापासून मुठीपर्यंतचे अंतर असावे. उजेड डावीकडून यावा, डावखुऱ्यास उजवीकडून. कल्याण-डोंबिवलीतील बाकांचा दोष निराळा. मोठ्यांच्या बाकावर पहिलीचे मूल बसले की पाय लोंबकळतात, खांदे उचलले जातात. पायांखाली फळी द्यावी. इतके करूनही जे मूल वहीत नाक खुपसते, त्यास रागावू नये. त्याची दृष्टी अधू असण्याचा संभव असतो. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बालस्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक शाळेत येताच त्याचे नाव प्रथम सांगावे.