तलंगांचा पहिला हिवाळा: पैसा कुठे घालायचा, कुठे नाही

परसातल्या कोंबडीपालनाच्या व्हिडिओत आपण २५ तलंगा आणि ३ नर असा गट धरून हिशोब मांडला होता. पशुसंवर्धन विभागाच्या तलंगा गट योजनेत हाच आकडा असतो, म्हणून आपणही तोच धरला. आज त्याच गटाचा पहिला हिवाळा बघू. चाकण, म्हाळुंगे, मोशी, चिखली भागात कंपनीत ड्युटी करून घरामागे खुराडं चालवणाऱ्यांनी हे नीट वाचा, कारण पैसा नेमका याच तीन महिन्यांत अडकतो.

कसा ते बघा. जुलैच्या मध्याला निघालेलं पिल्लू ८-१० आठवड्यांचं होऊन सप्टेंबरात तुमच्याकडे येतं. वनराजा, ग्रामप्रिया, गिरिराज हे सुधारित पक्षी साधारण २२ ते २५ आठवड्यांत अंड्यावर येतात, म्हणजे डिसेंबरच्या मध्यानंतर. आणि तेव्हाच दिवस सगळ्यात लहान! २१-२२ डिसेंबरला आपल्याकडे सूर्य सातच्या सुमारास उगवतो, सहाच्या सुमारास मावळतो. ११ तास. कोंबडीला नीट अंड्यावर यायला १४ तासांच्या आसपास उजेड लागतो. दिवस आखडत गेला की तलंग लांबते.

लांबली तर किती पडतं? पूर्ण बंदिस्त पक्षी रोज ११०-१२० ग्रॅम खाद्य खातो. २८ पक्ष्यांचे झाले रोजचे सव्वातीन किलोच्या आसपास. सहा आठवडे उशीर म्हणजे साधारण १३५ किलो, ५० किलोच्या जवळजवळ पावणेतीन गोण्या. तुमच्या गोणीचा भाव लावून बघा. वर थंडीत अंड्याला मागणी चांगली असते, तो सीझन हातातून जातो तो वेगळाच.

आता लोक काय करतात? थंडी आली की बाहेरच्या देशातले व्हिडिओ बघून २०० वॅटचा हीटिंग बल्ब लावतात. अहो, तिकडे पाणी गोठतं. आपल्याकडे रात्री १०-१२ अंश, कधी त्याच्या खाली, आणि दुपारी ३० च्या आसपास. पिसं पूर्ण आलेल्या कोरड्या तलंगेला एवढी थंडी सहज झेपते. (सहा आठवड्यांच्या आतल्या पिल्लांना ऊब लागतेच, तो विषय वेगळा.) २०० वॅट रोज १० तास म्हणजे महिन्याला ६० युनिट. शिवाय खाली तूस, वर तापलेला बल्ब, म्हणजे आगीला आमंत्रणच. तेच ९ वॅटचा साधा एलईडी रोज ३ तास लावला तर महिन्याला एक युनिटही होत नाही.

उजेड पहाटे वाढवायचा, रात्री नाही. रात्री बल्ब एकदम बंद झाला की पक्ष्यांना अंधारात बसायची जागा सापडत नाही, कोपऱ्यात गर्दी करतात. पक्षी १८-२० आठवड्यांचे झाले की नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यापासून दर आठवड्याला अर्धा तास वाढवा. डिसेंबरअखेर पहाटे ४ ते उजाडेपर्यंत, इथे थांबा. पक्षी वजनाला कमी असतील तर घाई नको. अंग भरायच्या आत अंड्यावर आणलं तर अंडी बारीक येतात, काहींचं अंग बाहेर येतं. अस्सल गावरान असेल तर बल्बकडून फार अपेक्षा ठेवू नका, ती तिच्याच वेळेने चालते.

टायमर घेताना बॅटरी बॅकअपवालाच घ्या. फिरत्या चकतीचा टायमर लाइट गेली की थांबतो आणि तेवढाच मागे पडतो. आणि एकदा सुरू केलेला उजेड मध्येच बंद करायचा नाही, अंडी लगेच तुटतात.

दुसरी गोष्ट हवा. इथे तर खर्च करून नुकसान विकत घेतात. कुणाच्या तरी वाढदिवसाचे फ्लेक्स आपल्याकडे कधीच कमी पडत नाहीत! ते आणून खुराडं चारी बाजूंनी गच्च बंद करतात. आतला दमट श्वास आणि विष्ठेचा अमोनिया आतच राहतो आणि आठवड्याभरात शिंका, घरघर सुरू. पक्षी थंडीने नाही, कोंडल्याने आजारी पडतो. वारा येतो त्या बाजूला गोणपाट लावा, पण वर एक फूट उघडं ठेवा. संध्याकाळी सोडा, ऊन आलं की गुंडाळा. फर्स्ट शिफ्टला जात असाल तर हे काम घरातल्या एकाच्या नावावर पक्कं करा.

तपासणी सोपी आहे. पहाटे कोंबडीच्या उंचीवर वाका. डोळे चुरचुरले तर हवा कमी आहे. मग मूठभर तूस दाबा. गोळा तसाच राहिला तर गादी ओली, सुटला तर ठीक. मावळ-खेडच्या भातगिरण्यांत तूस मिळतं. तीन-चार इंच पसरा, दर दोन दिवसांनी हलवा, पाण्याच्या भांड्याभोवतीचं ओलं रोज काढा.

कंपन्यांमधून निघणारे लाकडी पॅलेट आपल्या भागात स्वस्तात मिळतात. खाद्याच्या गोण्या त्यावर ठेवा, दवाने खालची गोणी ओलावली तर मक्याला बुरशी धरते. पण भंगारातला केमिकलचा किंवा कूलंटचा ड्रम पाण्यासाठी कितीही धुतला तरी वापरू नका. शिंपले पहिलं अंडं दिसायच्या सुमारास सुरू करायचे. पाच कोंबड्यांमागे एक अंड्याचं खोकं पुरतं.

खेड-जुन्नर पट्ट्यात ऊसतोड सुरू झाली की बिबट्या वस्तीकडे सरकतो. नुसत्या कोंबडीजाळीवर भरवसा नको, वेल्डेड जाळी आणि पक्की कडी हवीच.

मानमोडीची लस अंड्यावर यायच्या आधी, जंताचं औषध त्याच्या आठवडाभर आधी. डोस पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारून घ्या. नवापूरला बर्ड फ्लू आला तो फेब्रुवारी २००६ मध्ये, परभणीच्या मुरुंब्यात जानेवारी २०२१ मध्ये. दोन्ही वेळा थंडीचेच महिने. त्यामुळे नोव्हेंबर ते फेब्रुवारी बाजारातून नवा पक्षी शक्यतो आणू नका. आणलाच तर तीन आठवडे वेगळा ठेवा, भांडीही वेगळी. एकाएकी दोन-चार पक्षी दगावले तर उरलेले विकून मोकळे होऊ नका, मेलेले इंद्रायणीत टाकू नका. त्याच दिवशी दवाखान्यात कळवा.